बूट फुकट, पण बिल कोणाच्या नावावर?

प्रश्न

पत्र लिहिणाऱ्या ताई नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत क्रीडा शिक्षिका आहेत. शाळेचा पट ११०० चा. त्यातली ३० मुलं-मुली मैदानी खेळ आणि कबड्डीत जिल्ह्यापर्यंत, कधी विभागापर्यंत जातात. बऱ्याच जणांकडे धड बूट नाहीत, काही मुली अनवाणीच धावतात. एका नामांकित स्पोर्ट्‌स ब्रँडच्या वितरकाने शाळेपुढे तीन वर्षांचा प्रस्ताव ठेवला आहे. ३० खेळाडूंना प्रत्येकी ६,००० रुपयांचं किट मोफत. बदल्यात मैदानाच्या भिंतीवर ब्रँडचं नाव, स्पर्धेत फक्त त्याच ब्रँडचे बूट आणि कपडे, खेळाडूंचे फोटो वापरायची मुभा, मुलांची कंपनीच्या अ‍ॅपवर नोंदणी, आणि सगळ्या शाळेचा पीटीचा ड्रेस त्याच वितरकाकडून. आज हा ड्रेस ४५० रुपयांत मिळतो, तो ९५० ला पडेल. 'हे सगळं सीएसआरमध्येच (कंपनीच्या सामाजिक कामावरच्या खर्चात) आहे' असं वितरक सांगतो. नववीतली एक मुलगी ८०० मीटर उत्तम धावते. वडील कळमना मार्केटमध्ये हमाली करतात. तिच्यासाठी वेगळा कागद आला आहे: दरमहा ३,००० रुपये, आणि दोन वर्षं सराव कंपनी सांगेल त्याच प्रशिक्षकाकडे. संस्थेचे सचिव म्हणतात, "फुकट भेटून राहिलं तं घ्या ना मॅडम, आपल्या खिशातून काय चाललं?" ताईंना मात्र आपण पोरांना विकतोय असं वाटतं, आणि नाही म्हणावं तर अनवाणी पाय डोळ्यांपुढे येतात. पत्राच्या अगदी शेवटी त्या लिहितात, की 'समन्वयक' म्हणून त्यांनाही दरमहा ५,००० मानधन मिळेल, 'पण तो मुद्दा गौण आहे.'

उत्तर

ताई,

गौण म्हणून शेवटी ढकललेल्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण माझ्या मते सगळ्या प्रस्तावातलं सर्वांत महाग कलम तेच आहे. ते ५,००० घेऊ नका. तुम्ही लोभी आहात असं मला मुळीच म्हणायचं नाही. क्रीडा शिक्षिकेच्या पर्समधले किती पैसे क्रेप बँडेज, ग्लुकोज आणि पोरांच्या केळ्यांवर जातात, याचा हिशेब कुठलीच संस्था ठेवत नाही. पण उद्या एखादी मुलगी "मॅडम, बूट टोचतात" म्हणाली, तर तुमच्या तोंडून "मग दुसरे घाल" निघायला हवं. दर महिन्याला त्याच कंपनीचे पैसे येत असतील तर "थोडे दिवस घालून बघ" निघेल, आणि ते निघालं हे तुमच्या लक्षातही येणार नाही. शिवाय तुमची नोकरी अनुदानित शाळेतली. बाहेरून दरमहा मोबदला घेणं सेवाशर्तींत बसतं का, हे मुख्याध्यापकांना लेखी विचारायला बसा. अर्ज लिहितानाच उत्तर कळेल.

बूट कंपन्यांना ही वाट फार आधी सापडली आहे. अमेरिकेत कॉलेजचे बास्केटबॉलपटू हौशी गणले जात, त्यांना पैसे देता येत नसत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सनी व्हॅकारो या माणसाने नाइकीसाठी त्यावर तोडगा काढला: पैसे प्रशिक्षकांना द्यायचे, बूट आपोआप पोरांच्या पायांत जातात. पुढे ही चुरस शाळांपर्यंत उतरली. पुढे जगप्रसिद्ध झालेला बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स, त्याची ओहायोतली शाळा आदिदासचे बूट घालून खेळायची. त्याने स्वतः २००३ मध्ये करार केला तो मात्र नाइकीशी. २०१७ मध्ये तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेने या धंद्याचा तळ ढवळला. आदिदास प्रायोजक असलेल्या कॉलेजांतच पोरांनी जावं म्हणून त्यांच्या घरच्यांकडे गुपचूप पैसे पोचवले जात होते. आदिदासचा अधिकारी जेम्स गॅटो २०१८ मध्ये दोषी ठरला. नागपुरात असलं काही चाललंय असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे आलेला माणूस बहुधा महिन्याच्या टार्गेटने बेजार झालेला साधा विक्रेता असेल. पण पाय पोरांचे आणि पाकीट मॅडमचं, ही मांडणी तीच आहे.

आता सचिवसाहेबांचं 'फुकट'. तुम्ही दिलेलेच आकडे घेऊ. ३० किट, प्रत्येकी ६,००० म्हणजे १,८०,०००. तेही छापील किमतीने. वितरकाला याहून बरंच कमी पडत असणार. दुसरीकडे ११०० मुलांच्या ड्रेसमागे ५०० रुपये जास्त, म्हणजे ५,५०,०००. थोडक्यात, तीस जणांचं किट बाकीच्यांचे आईबापच विकत घेणार, वर वितरकाकडे ३,७०,००० ठेवणार, आणि भिंतीवर नाव ब्रँडचं लागणार. आपल्या खिशातून काय चाललं, असं सचिव विचारतात ना? त्यांच्या खिशातून काहीच नाही, हे खरंच आहे. ज्याच्या घरी दोन पोरं तुमच्या शाळेत आहेत त्या हमालाच्या खिशातून हजार चालले, आणि त्याची पोरं त्या तिसांत असतीलच असंही नाही. एका ठरावीक दुकानातूनच गणवेश घ्यायची सक्ती करू नका, असं शिक्षण विभाग शाळांना वारंवार बजावतो, ते अशाच कारणांसाठी.

आणखी एक बघा. करार तीन वर्षांचा आहे, पण किट दर वर्षी नवं मिळणार की एकदाच, हे तुमच्या पत्रात नाही. कागदावरही नसेल तर एकदाच समजा. वाढत्या वयातल्या पोरांचा पाय वर्षभरात माप बदलू शकतो. मग दोन नंबर मोठे बूट घेऊन पुढे कापूस कोंबायचा, हे आपल्याकडे घरोघर चालतं. चपलेला चालेल एक वेळ. धावायच्या बुटाला नाही.

हा हिशेब वाचून 'म्हणजे मला वाटत होतं तेच बरोबर, आपण विकतोय' असं मात्र म्हणू नका. तेही मला पटत नाही. कबड्डी मंडळाच्या बनियनवर इतवारीतल्या सराफाचं नाव असणं यात नवं काय आहे? भारतीय क्रिकेट संघाच्या अंगावर २०२३ पासून आदिदासच्या तीन रेघा आहेत आणि त्याने कोणाचं देशप्रेम कमी झालेलं नाही. पण सराफ काय करतो? बनियन देतो, नाव छापून घेतो, फायनलला पुढच्या खुर्चीवर बसून हार घालून घेतो आणि घरी जातो. रेडर कोण, सराव कुठे, मुलांच्या आयांचे मोबाईल नंबर काय, हे तो विचारत नाही. तुमच्या वितरकाच्या प्रस्तावात बनियनपुरता भाग आहे, तो खुशाल घ्या. त्याला चिकटून आलेलं बाकीचं सोडवून वेगळं करा. बूट घ्या, मुलगी देऊ नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

ब्रँडच्या बुटांसाठी पोरं आसुसतात त्याला नाकं मुरडू नका, हेही सांगते. धावपटू हिमा दासने एका मुलाखतीत सांगितलं होतं, की सुरुवातीच्या दिवसांत तिने आपल्या साध्या स्पाइक्सवर (तळाला खिळे असलेल्या धावायच्या बुटांवर) स्वतःच्या हाताने 'आदिदास' लिहिलं होतं. २०१८ मध्ये ती २० वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत ४०० मीटरचं सुवर्ण जिंकली, आदिदासची सदिच्छादूत झाली आणि कंपनीने तिचं नाव लिहिलेले बूट बनवून दिले. तुमच्या पोरांनाही हेच हवं असतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त क्रम लक्षात ठेवा. ती हाताने नाव लिहिलेल्या बुटांतही धावतच होती.

मला खरी शंका वेगळीच आहे. या तीस जणांना नेमकं काय कमी पडतंय, हे त्यांना कोणी विचारलंय का? एकदा चिठ्ठ्या द्या, नाव न लिहिता. बूट येतीलच. पण मानकापूरच्या क्रीडा संकुलात सिंथेटिक ट्रॅकवर जायचं तर बसभाडं, सकाळी साडेपाचच्या सरावाआधी पोटात काहीतरी, हेही येईल. आणि मुलींच्या चिठ्ठ्यांत, त्यांना लिहायचा धीर झाला तर, स्पोर्ट्‌स ब्रा येईल. तुम्ही रोज मैदानावर असता. खांदे पुढे ओढून, हात छातीशी धरून धावणारी आठवीतली मुलगी तुम्ही पाहिलीच असेल. पुढच्या वर्षी ती येत नाही आणि घरचे 'अभ्यास' म्हणून सांगतात. कुठल्याही मोफत किटच्या यादीत टी-शर्ट, शॉर्ट, ट्रॅकसूट, पिशवी, टोपी असते. टोपी! स्पोर्ट्‌स ब्रा मात्र या यादीत कधी नसते, कारण याद्या करणारे बहुतेक पुरुष आणि वाटपाच्या फोटोत ती दाखवता येत नाही. मागा. तुम्ही बाई आहात, तुम्हाला मागता येईल. तसंच कबड्डीवाल्यांना मॅटवर पकड घेणारा तळ लागतो, धावणाऱ्यांचे बूट त्यांना उपयोगाचे नाहीत. तिसांना एकच मॉडेल आलं तर कबड्डीची मुलं ते लग्नाला घालून जातील.

सीएसआरबद्दल. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक उलाढाल किंवा नफा असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि त्या यादीत खेळाचं प्रशिक्षण आहे. पण २०२१ च्या नियमांत स्वच्छ लिहिलं आहे: आपल्या मालाला जाहिरातीचा फायदा व्हावा म्हणून प्रायोजकत्वावर केलेला खर्च सीएसआर धरला जात नाही. तेव्हा वितरकाला एकच विचारा, "हा खर्च कंपनी सीएसआरमध्ये दाखवणार आहे का? तसं पत्र द्या." पत्र आलं तर 'आमचाच ब्रँड' ही अट त्याच्यासोबत टिकत नाही. नाही आलं तर ही जाहिरात आहे, आणि मग तुमच्या भिंतीला भाडं आहे. जाहिरात म्हणूनच बोला. संकोच कसला?

फोटो आणि अ‍ॅप. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि मुलांवर नेम धरून जाहिराती करायला मनाई आहे. शाळेने परस्पर यादी देणं हा विषयच बंद करा. संघाचा एकत्र फोटो, पालकांच्या लेखी परवानगीने, नावाशिवाय, एवढ्यावर थांबा.

आता ती नववीतली मुलगी. तिचा कागद वेगळा आहे, तर त्यावर शाळेची सही नको आणि साक्षीदार म्हणून तुमचीही नको. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीला करार करता येत नाही. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या न्यायपीठाने, असा करार मुळातच रद्द ठरवला. घरच्यांना वाटेल की मग वडिलांनी सही केली की झालं. तेही तितकं सोपं नाही. १९४९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात राजराणी नावाच्या अज्ञान अभिनेत्रीचा दावा होता. तिच्या वतीने वडिलांनी चित्रपट निर्मात्याशी करार केला होता, निर्मात्याने तो पाळला नाही, आणि तिला भरपाई मागता आली नाही, कारण करारच टिकला नाही. म्हणजे हा कागद तुमच्या मुलीला बांधू शकत नाही, पण उद्या ३,००० यायचे थांबले तर तिच्या हातातही काही उरेल याची खात्री नाही. एकदा वकिलाला दाखवा. न्याय मंदिरात, म्हणजे जिल्हा न्यायालयात, विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे अशा घरांना मोफत सल्ला मिळतो.

कायद्यापेक्षा मला काळजी आहे ती प्रशिक्षकाच्या अटीची. मेरी केन ही अमेरिकेतली शाळकरी धावपटू २०१३ मध्ये, सतरा वर्षांची असताना, नाइकीच्या पैशावर चालणाऱ्या ओरेगनमधल्या प्रशिक्षण गटात गेली. २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं, की वजन कमी करण्याच्या दबावामुळे तिची तीन वर्षं पाळी थांबली आणि पाच हाडं मोडली. तिथे पैसा होता, यंत्रं होती, नावाजलेला प्रशिक्षक होता. तिला 'थांब' म्हणणारं, कंपनीच्या पगारावर नसलेलं माणूस जवळ नव्हतं. तुमच्या मुलीला आज तसं माणूस आहे. ते ३,००० रुपयांत काढून घेतलं जातंय.

आणि ती पुढच्या वर्षी दहावीत आहे. दहावीचे क्रीडा गुण असोत किंवा पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, तिथे मान्यताप्राप्त स्पर्धांचं प्रमाणपत्र लागतं. कंपनीने भरवलेल्या रनमधलं पदक आणि चमकदार सर्टिफिकेट तिथे चालत नाही. कंपनीचं शिबिर आणि शालेय स्पर्धा एकाच आठवड्यात आली तर ती कुठे जाणार, हे कागदावर आहे का?

तरीही त्या घरात दरमहा ३,००० म्हणजे काय, हे तुम्हाला-मला सांगायला नको. म्हणून नकार हा त्यांचा निर्णय, तुमचा नाही. तुम्ही फक्त अटी सुटसुटीत करून द्या: पैसे मुलीच्या आणि आईच्या संयुक्त खात्यात, प्रशिक्षक तिच्या पसंतीचा, दुखापत झाली किंवा वेळ खालावली म्हणून पैसे बंद नाहीत, सोडायचं तर कधीही, काहीही परत न देता. दुखापतीच्या कलमावर अडून बसा. २०१६ च्या जानेवारीत कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला दरमहा १०,००० ची शिष्यवृत्ती दिली. पुढच्या वर्षी धावा होईनात, तेव्हा शिष्यवृत्ती थांबवा असं पत्र वडिलांनीच असोसिएशनला दिलं. तिथे कुठला ब्रँड नव्हता, कोणाचा हेतू वाईट नव्हता, तरी मदतीचं ओझं झालंच. त्या वडिलांबद्दल मला फार आदर आहे, पण अशी वेळ पोरांच्या घरांवर येऊ नये अशी सोय आधी करता येते.

वितरक नकोच, असं ठरलं तर? वेस्टर्न कोलफिल्ड्‌स आणि मॉइल या दोन्ही सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत, आणि त्यांचा सीएसआर खराखुरा आहे. मात्र संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) लागते, प्रस्ताव, अंदाजपत्रक, फेऱ्या. यंदाच्या हंगामाला तो पैसा पोचेल असं धरू नका. माजी विद्यार्थी लवकर देतात आणि लवकर विसरतात, तेव्हा त्यांच्याकडून एकदाच मोठी रक्कम मागण्यापेक्षा एकेकाने एका खेळाडूचं वर्षभराचं बसभाडं घ्यावं हे बरं. सीताबर्डीवरच्या दुकानांतून भारतीय बनावटीचे चांगले स्पाइक्स ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. आणि शाळेत एक कपाट बुटांचं करा: लहान झालेला जोड धुऊन, नंबर लिहून तिथे ठेवायचा, मापाचा असेल तो घ्यायचा. दोन-तीन वर्षांत ते भरतं.

सचिवांशी बोलताना विकण्याबिकण्याची भाषा नको. ते चिडतील आणि तुम्ही 'भावनिक' ठराल. ५,५०,००० चा आकडा कागदावर लिहून पुढे सरकवा आणि विचारा, की ड्रेसची किंमत दुप्पट का झाली असं पालक-शिक्षक संघाच्या सभेत कोणी विचारलं तर उत्तर कोण देणार. संस्थाचालकांना हा प्रश्न लगेच कळतो. मग तुमचा प्रस्ताव ठेवा. एक वर्षाचा करार. तीस किट, मुलींसाठी वेगळ्या यादीसह. भिंतीवर फलक आणि क्रीडा दिनाला बॅनर. पायाला मानवत नसेल त्याला दुसरे बूट घालायची मोकळीक. पीटी ड्रेस, अ‍ॅप, मानधन आणि मुलीचा कागद यातून बाहेर. ठराव पालक-शिक्षक संघात होऊ दे, इतिवृत्तात येऊ दे, सही संस्थेची असू दे. एवढ्यावर वितरक उठून गेला, तर त्याला ड्रेसचंच गिऱ्हाईक हवं होतं.

आणि हो म्हणाला, तर मापं त्याच्या माणसावर सोडू नका. तुम्ही घ्या, संध्याकाळी, मोजे घालून, दोन्ही पायांची, कारण दिवसाअखेर पाय थोडा सुजतो. माल आला की फोटोच्या कार्यक्रमाआधी तिसांनाही मैदानावर दोन फेऱ्या मारायला लावा. ज्याला टोचतं त्याचा जोड तिथल्या तिथे परत द्या, आणि बदलून येईपर्यंत पोच पावतीवर सही करू नका.